शिवायचे राहून गेलेले

घर बदलताना, वाडा पाडायला काढताना किंवा घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरते. वरच्या थरात पैठणी, शालू, बाळंतविड्यातली कुंची असे काही असेल तर त्याची वाटणी चटकन ठरते. खालच्या थराचे काय करायचे ते मात्र कुणालाच उमगत नाही. तिथे बेतून ठेवलेला पण न शिवलेला ब्लाउज असतो, एकच बाही लागलेले झबले असते, कच्चा टाका घालून तसाच घडी केलेला परकर असतो. कोपऱ्यातले एक फूल भरून सोडून दिलेला मॅटीचा टेबलक्लॉथ असतो आणि त्याला सुई अजून टोचलेली असते. शिवाय गाठोड्यात बांधलेले कटपीस, वर्तमानपत्रातून कापलेले कागदी नमुने, लाकडी रिळे, टिचबटणांची डबी आणि कधीच न उलगडलेले काही खण. हा सगळा ऐवज बहुधा एकाच वाक्यात निकालात निघतो : ‘यातले काही कामाचे नाही.’ त्या वाक्याशी वाद घालण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

माझे म्हणणे असे की, घरगुती शिवणाचा इतिहास कळायला पुऱ्या झालेल्या वस्त्रांपेक्षा अर्धवट राहिलेली कापडे अधिक उपयोगी पडतात. म्हणून त्यांची विल्हेवाट लावण्याआधी, आणि हौसेने ती पुरी करायला घेण्याआधीही, ती एकदा नीट वाचून नोंदवून ठेवली पाहिजेत. पुरे झालेले वस्त्र आपली घडण लपवते. शिवणी आत जातात, खडूच्या रेघा पहिल्या धुण्यात निघतात, कच्चा टाका उसवला जातो, माया अस्तराखाली दडते. चांगले शिवण म्हणजे शिवण न दिसणे अशीच आपल्याकडे परीक्षा होती. अर्धवट कापडात हे सारे उघडे पडलेले असते. कापड कमी पडले तेव्हा बगलेत जोड कुठे दिला, काठ फुकट जाऊ नये म्हणून बाहीचा तुकडा कसा फिरवला, मुलगी वाढेल या हिशेबाने परकराच्या घेराला खाली किती आडव्या प्लेटा घातल्या, माप अंगावरून घेतले की जुन्याच ब्लाउजवरून, याची उत्तरे तिथे टाक्यांत आणि कात्रीच्या कडांत मिळतात. शिवणाऱ्या बाईने डोक्यात केलेले गणित कागदावर कधी उतरलेच नाही. ते दिसण्याची ही एकच जागा.

दुसरी जागा नाही असे म्हणायला कारण आहे. शिंप्याच्या वहीत निदान गिऱ्हाइकाचे नाव आणि मापे असतात. गिरणीच्या दप्तरात ताग्यांची मोजदाद असते, दुकानदाराच्या रोजमेळात विक्री असते. घरात बसून पोरांचे कपडे शिवणारी बाई यांपैकी कुठल्याच कागदावर येत नाही. तिला शिकवणाऱ्या संस्थांची माहिती आहे. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू केले, तिथे शिवणाचे वर्ग चालत, आणि अशा वर्गांतून शिकून कित्येक बायकांनी स्वतःच्या मिळकतीवर घर चालवले. १९३० साली किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक निघाले. पुढच्या काही दशकांत बायकांच्या मासिकांतून भरतकामाचे, विणकामाचे, बेतण्याचे नमुने घरोघरी पोचू लागले. त्याच १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ यंत्रे बनू लागली, आणि तोवर परदेशी ‘सिंगर’पुरती असलेली शिवणयंत्राची चैन हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. संस्था, मासिक, यंत्र या तिन्हींचा इतिहास लिहिता येतो, काही प्रमाणात लिहिलाही गेला आहे. पण वर्गात शिकलेले घरी गेल्यावर किती वापरले गेले? मासिकातला नमुना जसाच्या तसा उचलला की पदरचे काही घातले? यंत्र आल्यावर हातशिलाई कुठल्या कामापुरती उरली? हे संस्थेच्या अहवालात सापडणार नाही. ते ट्रंकेच्या खालच्या थरात सापडते.

एवढ्याशा चिंध्यांवर इतका भार टाकावा का, हा पहिला रास्त प्रश्न. त्याला कापडाच्या इतिहासानेच उत्तर देऊन ठेवले आहे. भारतीय सुती कापडाच्या मध्ययुगीन निर्यातीबद्दल आपल्याला जे ठोसपणे माहीत आहे, त्यातला मोठा वाटा इजिप्तमधल्या जुन्या कैरोच्या, म्हणजे फुस्तातच्या, कचऱ्याच्या ढिगांनी दिला. गुजरातेत ठशांनी छापलेल्या सुती कापडांचे फाटके, ठिगळे लावलेले तुकडे तिथल्या कोरड्या हवेत टिकले. असे हजाराहून अधिक तुकडे आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. ज्या भूमीत ते कापड तयार झाले, तिथल्या दमट हवेने आणि कसरीने त्याचा मागमूस ठेवला नाही. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयात अठराव्या शतकात मूल ठेवून घेताना ओळखीसाठी कापडाचा एक तुकडा नोंदीच्या कागदाला टाचत. मूल परत न्यायला आईला यावेसे वाटले तर खूण पटावी, एवढाच त्याचा उद्देश. त्या वह्यांत सुमारे ५,००० तुकडे उरले आहेत, आणि त्या काळच्या सामान्य इंग्रज बायका काय नेसत-घालत याचा त्याहून मोठा पुरावा इंग्लंडकडे नाही. दरबारी पोशाख राजवाड्यांत जपले गेले, गरिबांचे कापड या चिठ्ठ्यांना लागून राहिले.

आपल्या बाजूचे उदाहरण जॉन फोर्ब्स वॉटसनचे. त्याने १८६६ साली भारतीय कापडांच्या नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. एका संचात ७०० तुकडे, असे वीस संच. हेतू सरळ व्यापारी होता : इथे काय विकले जाते ते मँचेस्टरच्या गिरणीवाल्याने हाताने चाचपून पाहावे आणि तसे विणावे. त्यासाठी चांगली अखंड वस्त्रे कापून त्यांचे तुकडे केले गेले. कृत्य निष्ठुर होते खरे. पण कुठल्या गावचे लुगडे, किती लांब, किती रुंद, काय किमतीचे हे त्या प्रत्येक तुकड्याशेजारी छापून ठेवल्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या हातमागाचा तो आज एक भरवशाचा पुरावा झाला आहे. तुकड्याला मोल आले ते शेजारच्या चार ओळींमुळे, ही गोष्ट मला या पुस्तकाच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. आणि त्याहून कितीतरी मागे जायचे तर नेवासे आणि चांदोली इथल्या ताम्रपाषाणयुगीन उत्खननांकडे पाहावे. तिथे अख्खे वस्त्र मिळालेले नाही. तांब्याच्या मण्यांत ओवलेला दोरा धातूच्या क्षारांमुळे तेवढा टिकला, आणि त्या दोऱ्याच्या तंतूंवरून त्या काळच्या सुताबद्दल बोलता आले. पुरातत्त्वज्ञाला वीतभर दोरा पुरतो. आपल्याला भरलेली ट्रंक पुरत नाही, हा न पाहण्याचा दोष आहे.

पाहायचे कसे, हे पुढच्या प्रकरणांत तपशिलाने येईल. इथे एवढेच दाखवायचे आहे की जुने कापड वाटते तितके मुके नसते. आधी पन्हा मोजावा. ३६ इंची पन्ह्याचे पॉपलिन किंवा लाँगक्लॉथ आणि ४४ इंची पन्ह्याचे टू बाय टू यांच्यात बेतण्याचे गणितच बदलते, आणि अर्धवट ब्लाउजच्या कापण्यात ते दिसते. लांबी वाराच्या हिशेबात बसते की मीटरच्या, हे पाहावे. दशमान पद्धतीचा कायदा १९५६चा, आणि कापडाच्या दुकानात वार जाऊन मीटर आला तो साधारण साठच्या दशकात. बोलण्यात मात्र वार पुढेही बराच काळ टिकला, म्हणून हा पुरावा एकट्याने वापरू नये. ताग्याच्या टोकाचा तुकडा मिळाला तर त्यावर गिरणीचा छाप असतो. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले, तेव्हापासून कापडावर किमतीचा शिक्का मारावा लागे. ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द आपल्या आजी-पणजीच्या बोलण्यात आला तो तिथून. असा शिक्का असलेला कोपरा बायका सहसा कापून टाकत किंवा आत दाबून शिवत. न शिवलेल्या तुकड्यावर तो शाबूत राहतो. दोऱ्याकडे पाहावे : लाकडी रीळ की प्लास्टिकचे, सुती दोरा की चकाकणारा कृत्रिम. हुक लोखंडी असतील तर गंजाचे तांबडे डाग त्यांच्या जागी हटकून पडलेले असतात. यंत्राची टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते की मागे साखळी उमटली आहे, यावरून यंत्राचा प्रकार ओळखता येतो. आणि धाग्याची शंका असेल तर सुटलेला एखादा दोरा जाळून पाहावा. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा, आणि टेरिलीनची वितळून टणक गोळी होते.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो कागदी नमुना. कंबरेचा, मुंढ्याचा, गळ्याचा आकार वर्तमानपत्राच्या पानातून कापलेला, टाचणीने कापडाला टोचलेला. त्यावर एका बाजूला माप पेन्सिलीने लिहिलेले असते आणि दुसऱ्या बाजूला कुठल्याशा सभेची बातमी. तारखेची ओळ कात्रीतून वाचली असेल तर ‘त्या दिवसाआधी हे बेतलेले नाही’ असे छातीठोक म्हणता येते. नंतर किती दिवसांनी बेतले ते सांगता येत नाही, कारण रद्दी घरात महिनोन्‌महिने साठवली जाई. तरीही कुठलेच घरगुती वस्त्र आपली तारीख इतक्या जवळून सांगत नाही. पुरे झालेल्या ब्लाउजबरोबर हा कागद उरत नाही. तो काम संपले की चुलीत जातो. तो उरला आहे कारण काम संपले नाही.

खणांची गोष्ट वेगळी आहे आणि ती जरा सावकाश सांगायला हवी. गुळेदगुड्डचा खण, इरकली लुगडे आणि महाराष्ट्रातल्या बाईचे कपाट यांचे नाते जुने. आज गुळेदगुड्ड आणि इरकल ही दोन्ही गावे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहेत, पण त्यांचे मोठे गिऱ्हाईक कायम मराठी मुलखात राहिले. दोन्ही बाजूंना काठ असलेल्या खणातून चोळी बेतणे हे कौशल्याचे काम होते. बाहीच्या कडेला काठ नेमका यावा आणि कापडही फार वाया जाऊ नये, हे दोन्ही साधावे लागे. नऊवारी मागे पडून पाचवारी-सहावारी आली, पुढे गाठ मारायच्या चोळीच्या जागी हुकांचा ब्लाउज आला, तेव्हा हे गणितच मोडले. ब्लाउजला टक्स हवेत, आकार हवा, अस्तर हवे. जुन्या खणावर नव्या ब्लाउजचे बेतकाम करताना काठ कुठे न्यायचा या पेचात सापडलेले तुकडे ट्रंकांमध्ये आढळतात, आणि पेहरावातले संक्रमण म्हणून आपण जे ढोबळपणे लिहितो ते या तुकड्यांवर कात्रीच्या चुकलेल्या कडेच्या रूपात दिसते. मात्र न उलगडलेल्या खणांचा ढीग दिसला की त्याला ‘शिवायचे राहिलेले’ म्हणून मोकळे होऊ नये. ओटीत आलेला खण किंवा ब्लाउजपीस शिवण्यासाठी आलेलाच असतो असे नाही. तो पुढच्या हळदीकुंकवाला, पुढच्या पाहुणीच्या ओटीत जायचा असतो, आणि देणारीला, घेणारीला, दोघींनाही ते पक्के ठाऊक असते. काही ब्लाउजपीस तर इतक्या घरांतून फिरून आलेले असतात की त्यांना शिंप्याचे तोंड पाहायला मिळण्याची आशा कुणी धरू नये. असा ढीग म्हणजे त्या घराच्या देण्याघेण्याचा हिशेब आहे. कुणाच्या लग्नात, कुणाच्या डोहाळजेवणात कोणत्या दर्जाचा खण आला, हे सांगू शकणारी बाई घरात असेतो तो हिशेब वाचता येतो.

यावर एक आक्षेप असा येईल की पैठणी, इरकल, खण यांचे ठीक आहे, पण गिरणीतल्या साध्या पॉपलिनच्या, मांजरपाटाच्या, वॉइलच्या तुकड्यांना कशाला जपायचे? माझे मत उलटे आहे. पैठणीची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. संग्रहालये आहेत, येवल्याचे विणकर आहेत, तिच्यावर पुस्तके आहेत. गिरणीच्या कापडाला कुणी वाली नाही. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, तेव्हापासून सव्वाशे वर्षे हे शहर कापडावर उभे राहिले. जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. संपाबद्दल, कामगारांच्या वस्त्यांबद्दल, जमिनीच्या व्यवहारांबद्दल आपण बरेच लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. पण ते कामगार जे विणत होते ते कापड कुठे आहे? ते निर्यात झाले, वापरले गेले, फाटले, पोतेरे झाले. परळ-लालबागच्या मागांवर निघालेले कोरे कापड आज पाहायचे तर ते मुख्यतः कुणाच्या तरी ट्रंकेतल्या न शिवलेल्या कटपीसात पाहावे लागेल. गिरणगावात राहणाऱ्या घरातल्या बाईने नवऱ्याच्या खात्यातले कापड घेऊन मुलांना शिवले असेल, तर विणणारा आणि शिवणारी असे दोघेही त्या एका तुकड्यात हजर आहेत.

सर्वांत जोरदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो परंपरेच्या नावाने येतो. कापड वापरायचे असते. आपल्याकडे लुगडे जीर्ण झाले की त्याची दुपटी, बाळोती होत, त्यातून उरले की गोधडी, गोधडी विरली की वाकळीत आतला थर, आणि शेवटी पोतेरे. जे अंगाला चालणार नाही ते बोहारणीला देऊन भांडे घ्यायचे. कापड जपून ठेवणे हेच मुळी परके आहे, संग्रहालयवाल्यांचे खूळ आहे. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून मी कापडाला काचेच्या कपाटात बसवा असे कुठेच म्हणत नाही. परंतु ही साखळी घरोघरी चालली तिचीही नोंद फारशी कुणी ठेवली नाही, आणि म्हणूनच आज ‘पुनर्वापर’ हा शब्द दुकानांत नवा म्हणून विकला जातो. गोधडी हेच उत्तम उदाहरण घ्या. तिच्या धावदोऱ्याच्या ओळींत, ठिगळांच्या निवडीत जे आहे त्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते फार उशिरा. उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्यांतल्या अनेकींचे पूर्वज गोव्याच्या वाटेने तिथे गेले होते. त्या गोधडीच्या कडेकडून सुरुवात करून मध्याकडे शिवत जातात, आणि चार कोपऱ्यांना ‘फुला’ म्हणून घडीचे छोटे चौकोन बसवल्याशिवाय ती पुरी धरत नाहीत. म्हणजे ‘पुरे’ कशाला म्हणायचे याचा निश्चित दंडक वापरातल्या वस्तूलाही असतो. तो दंडक कळतो तेव्हाच एखादी वस्तू अपुरी आहे हे कळते. वापर आणि नोंद यांच्यात मला वैर दिसत नाही. फोटो काढायला, पन्हा मोजायला, चार ओळी लिहायला जेमतेम अर्धा तास लागतो. त्यानंतर त्या कापडाची उशी करा, पिशवी करा, नातीला परकर शिवा. आक्षेप घेणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे : परंपरेने जीर्ण झालेले कापड फाडले, न वापरलेले कोरे कापड कधी फाडले नाही. आज हौसेपायी चांगल्या जुन्या इरकलीचे तुकडे करून पर्सा बनवतात, ती कुठली परंपरा? खऱ्या जरीच्या साड्या चांदीसाठी जाळणाऱ्यांचा तरी निदान हिशेब सरळ असतो.

दुसरा आक्षेप भावनेच्या अंगाने येतो आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. या सगळ्या खटाटोपात स्मरणरंजन आहे, असे म्हटले जाईल. आजीच्या हातची सुई, तिचे प्रेम, तिची चिकाटी असे गोड चित्र उभे राहते आणि त्या चित्रात घरातले सगळे काम उरकल्यावर रात्री मिणमिणत्या दिव्याखाली डोळे फोडून काज करणारी बाई दिसेनाशी होते. शिवण ही पुष्कळ जणींची हौस नव्हती. ती काटकसरीची सक्ती होती, लग्नाच्या बाजारातली पात्रता होती, रुखवतात मांडायची परीक्षा होती. हे सारे खरे आहे, आणि नेमके त्यासाठीच अर्धवट काम पुऱ्या कामाहून जास्त विश्वासाचे आहे. रुखवतातला टेबलक्लॉथ पाहुण्यांना दाखवण्यासाठी केलेला असतो. तो जे दाखवायचे तेच दाखवतो. लग्न झाल्यावर ज्याला कुणी हात लावला नाही असा अर्धा टेबलक्लॉथ त्या परीक्षेबद्दल अधिक सांगतो. पहिल्या फुलाचे टाके एकसारखे आणि तिसऱ्याचे घाईचे, ओढलेले, हा फरक कुणी मुद्दाम उमटवलेला नसतो. पण इथेच एक सावधगिरी हवी. काम का थांबले ते कापड सांगत नाही. अर्धवट झबले पाहिले की वाचणाऱ्याचे मन लगेच शोकांताकडे धावते. मूल गेले असेल, बाई गेली असेल. तसे झालेही असेल. परंतु कामे थांबतात ती बहुतेक साध्या कारणांनी. मूल मापापेक्षा मोठे होते, दोरा त्याच रंगाचा मिळत नाही, दसऱ्याच्या आत पुरे करायचे म्हणून घेतलेले दसरा गेल्यावर मागे पडते, तयार कपडे स्वस्त होतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टेरिकॉट आणि तयार फ्रॉक बाजारात रेलचेलीने आले. घरी शिवण्याचा हिशेबच त्यामुळे बदलला, आणि अशा अर्ध्या कामांतली कितीतरी त्या बदलाच्या वाटेवर पडली असावीत. जिथे माहिती देणारे माणूस नाही तिथे ‘कारण ठाऊक नाही’ असे लिहिण्याची शिस्त या कामात पाळली नाही, तर नोंद राहणार नाही, कथा राहील.

तिसरा आक्षेप मी स्वतःच उभा करतो, कारण तो सहसा कुणी घेत नाही. ट्रंक कोणाकडे असते? ज्याच्याकडे वापरून उरेल इतके कापड असते त्याच्याकडे. शेतमजुराच्या घरात कोरा कटपीस वीस-तीस वर्षे पडून राहण्याचा प्रश्नच नव्हता. पावसाने गळणाऱ्या घरात, दुष्काळात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबात अर्धवट शिवण जपले जाण्याची शक्यता फारच थोडी. म्हणून ट्रंकांवरून लिहिलेला इतिहास आपोआप वाड्यांचा, चाळीतल्या नोकरदारांचा, जमीन असलेल्यांचा इतिहास होण्याचा धोका आहे. हा दोष पूर्ण काढता येणार नाही, पण दोन गोष्टी करता येतात. जिथे कापड उरते तिथे ठिगळे, जोड, कंट्रोलचे कापड, दुसऱ्यांदा उसवून शिवलेले कपडे यांना पैठणीइतकीच जागा द्यायची. आणि मध्यमवर्गीय घरातली वस्तू नोंदवतानाही ती कोणाच्या हातची हे विचारायचे. दारोदार जाऊन मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका होत्या. चोळ्या शिवून पोट भरणाऱ्या विधवा होत्या. त्यांचे काम त्यांच्या घरी उरले नाही, गिऱ्हाइकाच्या ट्रंकेत उरले, तेही मालकिणीच्या नावावर. ‘आमच्या आजीची गोधडी’ या शब्दांत आजीने शिवलेली आणि आजीने शिवून घेतलेली अशा दोन्ही गोधड्या मावतात. यांतला फरक विचारून लिहिला नाही तर मजुरी करणारी बाई दुसऱ्यांदा पुसली जाईल.

सांभाळण्याबद्दल थोडे. ट्रंक उघडल्यावर पहिल्या दिवशी काहीही धुऊ नये. खडूच्या रेघा, शिक्के, डाग हे पुरावे आहेत आणि पाण्यात प्रथम तेच जातात. डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडलेला असेल तर खोलीची दारे उघडून सावलीत वारा द्यावा, उन्हात टाकू नये. बुरशी असेल तर नाकाला फडके बांधावे. रेशीम वर्षानुवर्षांच्या घडीवर चिरते, म्हणून ते जपून उलगडावे आणि परत ठेवताना घडी जुन्या जागी मोडू नये. खळ असलेल्या कापडाला कसर लवकर लागते. गंजणारी टाचणी, सुई, हुक वेगळे करावेत, पण ती कुठे टोचलेली होती त्याचा फोटो आधी घ्यावा. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा धुतलेल्या जुन्या मलमलीचे वेष्टन बरे. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला आपल्या आज्या वापरत, तो कापडाला थेट न लावता पुरचुंडीत ठेवावा.

अर्धवट काम पुरे करावे का, हा प्रश्न या विषयावर बोलताना हटकून येतो. माझा त्याला विरोध नाही. फक्त पुरे करताना दोन हात वेगळे ओळखू यावेत. जुना दोरा कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला, हे लपवण्याची धडपड करू नये, आणि वर्ष लिहून एक कापडी पट्टी आत शिवावी. पणजीने बेतलेले झबले पणतीला घालता येणार असेल तर त्याहून चांगला वापर मला सुचत नाही. पण त्या झबल्याचा कागदी नमुना मात्र फेकू नका.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, चोळ्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्यांतून उभे राहिलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय पुढे महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केले. रोजच्या वापरातल्या वस्तूंना संग्रहालयाची योग्यता असते हे मराठी माणसाला पटवायला एका माणसाची हयात लागली. अर्धवट शिवणासाठी तशा एका संग्राहकाची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण हे कापड बाजारात येतच नाही. ते थेट ट्रंकेतून कचऱ्यात जाते. ते थांबवणे ज्याच्या घरी ट्रंक आहे त्याच्याच हातात आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. हे पुस्तक वाचून झाल्यावर ट्रंक उघडा, पण एकट्याने उघडू नका. घरातल्या, नात्यातल्या, शेजारच्या ज्या बाईला त्यातले थोडे जरी ओळखता येईल तिला आधी बोलवा, तुकडा तिच्या हातात द्या आणि ती काय सांगते ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. कापड कोणी आणले, कुठून, कोणासाठी, कोणी बेतले, शिवणयंत्र कोणाचे होते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. ती सुती दोऱ्याने कापडाला बांधा. आणि हे या दिवाळीच्या साफसफाईआधी करा, कारण सांगू शकणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत.